काढता येणारा हुक

बावड्याच्या वेल्डरनं विचारलं, "आबा, जीपमागं ट्रॉलीचा हुक कायमचा जोडू, का काढता येणारा करू?" जोतीरामआबांनी काढता येणारा करून घेतला. कायमचा हुक दिसला की अख्खी वस्ती आपापल्या ट्रॉल्या आबांच्याच जीपला अडकवणार, हे ते ओळखून होते.

आठवड्याच्या आतच शेजारचा माऊली आला. त्याला चाऱ्याची ट्रॉली ओढून हवी होती. "ओढली असती रं, पण हुकच कुठं पडलाय, सापडंना," आबा म्हणाले. हुक त्यांच्या पलंगाखाली होता.

दुसऱ्या दिवशी माऊली जीपमागं वाकून हुकाच्या जागेचं सुतळीनं माप घेताना दिसला, आणि आबांच्या मनात पाल चुकचुकली. गडी दुसरा हुक करून आपल्या माघारी जीप वापरणार. तेव्हापासून आबा चावी करगोट्याला बांधून हिंडू लागले.

चार दिवसांनी माऊली दारात उभा राहिला. हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.


"आबा, तुमचा हुक काय सापडला न्हाय, म्हणून मापानं नवा करून आणलाय. ह्यो मातुर कायमचा जोडून घ्या, म्हंजी परत हरवायचा न्हाय."