उत्तर देणारा कर्णा

सकाळी साडेसहापासून श्रीरंग आंबोलीच्या जंगलात करवंदीच्या जाळीआड पालथा पडून होता. कपडे हिरवे, टोपी हिरवी, चेहऱ्यालाही हिरवा रंग फासलेला. ऐन चैत्रातल्या आठ दिवसांच्या भटकंतीचा हा शेवटचा दिवस. आजवर चारशे नव्व्याण्णव जातींच्या पक्ष्यांचे फोटो जमले होते आणि पाचशेवा पक्षी कर्णाच हवा, असा त्याचा हट्ट होता.

लालबुंद पोटाच्या त्या पक्ष्याची शीळ त्याने मोबाइलवर हळूच वाजवली. समोरच्या झाडीतून लगेच उत्तर आलं. त्याने पुन्हा वाजवली, पुन्हा उत्तर. दोन तास अशा गप्पा रंगल्या, पण पक्षी काही बाहेर येईना. शेवटी श्रीरंगच कॅमेरा सांभाळत सरपटत पुढे गेला.

झाडीत आणखी एक हिरवा माणूस पालथा पडला होता. त्याच्याही हातात मोबाइल होता.

"तुम्हीच का?" त्याने पडेल आवाजात विचारलं.

"मीच," श्रीरंग म्हणाला.

चारशे नव्व्याण्णववरच अडकून तो गाडीपाशी परतला. तिथे त्याची बायको रेवती आणि त्या हिरव्या माणसाची बायको डिकीत बसून पोहे खात होत्या.

"यांचा नवराही मोबाइलवर शीळ वाजवतोय, हे मला तासाभरापूर्वीच कळलं," रेवती म्हणाली.

"मग सांगायला आली का नाहीस?"

"सात वर्षांच्या संसारात तुला कुणाशी इतकं मनापासून बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. मध्येच तोडायचं जिवावर आलं."