डावीकडची गिटार

उजव्या इअरफोनवरचं 'आर' हे अक्षर पार पुसलं गेलं होतं. डाव्यावरचं 'एल' मात्र कालच छापल्यासारखं काळंभोर होतं. सुरुचीनं दोन्ही चिमटीत धरून क्षणभर पाहिले आणि कानांत घातले.

"आधी नुसतं ऐक," चारुदत्त म्हणाला. गुरुवारी सौदीतल्या तबूक शहरातले मराठी डॉक्टर त्यांच्या घरी जमणार होते. साठच्या दशकातली इंग्रजी गाणी म्हणायची होती. चारुदत्त बारा तारांची गिटार वाजवणार होता आणि सुरुचीनं दुसरा आवाज द्यायचा होता.

गाणं सुरू झालं. दोन पुरुष एकमेकांना धरून गात होते. मागे काहीच नव्हतं.

"गिटार कुठंय?" तिनं विचारलं.

"आई, व्हाय आर यू शाउटिंग?" निधी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली. "बाबा बाजूलाच बसलेत."

"डावीकडे असेल बघ," चारुदत्त म्हणाला. "तेव्हा स्टिरिओ नवा होता. भाजी निवडून ठेवावी तसं करायचे. गाणारे एका कानात, वाद्यं दुसऱ्यात." त्यानं दुसरं गाणं लावलं. "आता हे घे. नशेतलं. ऑर्गन डोक्याभोवती गरगर फिरतो."

ऑर्गन उजवीकडून निघाला, मागे गेला आणि नाहीसा झाला. थोड्या वेळानं तो उजवीकडूनच परत आला.

"डावीकडे काहीच नाही," ती म्हणाली.

"मग खलास. इअरफोन गेला. उद्या नवा आणतो."

सुरुची सरकारी हॉस्पिटलात नवजात बाळांची डॉक्टर होती. गेल्या महिन्यात एका बाळाची छाती ऐकून तिनं 'नॉर्मल' म्हटलं होतं. तिच्या हाताखालच्या ज्युनियर डॉक्टर सहरनं नंतर स्टेथोस्कोप लावला आणि ती थांबली. "मॅडम, मर्मर आहे." सोनोग्राफीत हृदयाला छिद्र निघालं. सुरुचीनं नवा स्टेथोस्कोप घेतला. तेव्हापासून सहर काही न बोलता प्रत्येक बाळ तिच्यानंतर पुन्हा ऐकत होती.

कान तपासून घ्यायचं सुरुची रोज ठरवायची. पण तपासणीची नोंद हॉस्पिटलात झाली असती, आणि मग तिची नोकरी. चारुदत्तचा आणि निधीचा, दोघांचाही इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, त्या नोकरीला बांधलेला होता. मार्चमध्ये निधीची दहावी. कानाचा संशय चारुदत्तलाही होता. दोघं त्याविषयी बोलत नसत.

"थांब," ती म्हणाली. "पहिलं गाणं परत लाव."

तिनं इअरफोन काढले आणि उलटे घातले. अक्षर पुसलेला डाव्या कानात. फोनवर बोलताना ती नेहमी तेवढा एकच लावायची, उजव्या कानाला. ज्याचं अक्षर शाबूत होतं तो आता उजव्या कानात गेला.

गिटार वाजली. बाराही तारा, एकेक सुटी, लख्ख. इअरफोनला काही झालेलं नव्हतं. आता गाणारे नव्हते. एक कडवं संपेपर्यंत तिनं त्यांची वाट पाहिली.

चारुदत्त वायरींकडे बघत होता. मग तो उठला आणि तिच्या उजव्या बाजूला येऊन बसला.

"मार्चपर्यंत," तो अगदी हळू म्हणाला. "तेवढी दहावी होऊ दे. एक कान आहे ना?"

निधीनं पुस्तकातून मान वर केली.

सुरुचीनं इअरफोन काढले. वायर बोटांभोवती नीट गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.

"नवा आणू नकोस, चारू," ती म्हणाली. "सकाळी मी चीफना सांगतेय. उद्यापासून मी बाळं तपासणार नाही."