बेताचं मीठ

"घाई करू नकोस. जिभेवर घोळव आणि मग सांग, काय काय घातलंय," असं म्हणून नवऱ्याने सूपचा वाडगा तिच्यापुढे सरकवला.

तिने चमचा तोंडात घातला. गरम होतं. दाट होतं. बाकी त्यात आणि साध्या पाण्यात काडीचा फरक नव्हता.

गेल्या थंडीत घरात ताप शिरला होता. तिघंही आळीपाळीने आडवे झाले, आळीपाळीने उठले. ताप गेला, पण जाताना तिच्या तोंडची चव घेऊन गेला. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता पाच महिने झाले. सांगणार कुणाला? नवरा हाडाचा आचारी. वीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये चारशे माणसांचा स्वयंपाक केला, पण नवा पदार्थ आधी घरी बायकोने चाखायचा, मगच तो तिकडे शिजायचा, ही त्याची रीत. "हात माझा, जीभ हिची," असं तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा. अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की ती जीभ आता नुसती बडबडीच्या कामाची उरलीय?

त्यात ताप उतरायला आणि कारखाना बंद पडायला एकच गाठ पडली. आता सोमवारी, आज ते जेवायला आले होते त्याच हॉटेलात, त्याची परीक्षा होती. तीन पदार्थ रांधून दाखवायचे, पसंत पडले तर नोकरी. महिनाभर तो घरी तेच तीन पदार्थ करत होता आणि ती दरवेळी "झकास!" म्हणत होती. सोमवार चार दिवसांवर आला होता. आपल्या खोट्या "झकास"पायी बिचारा तोंडघशी पडणार, हे तिला दिसत होतं.

आजचं निमित्त लेकीच्या सोळाव्या वाढदिवसाचं. "मला कपडे नकोत, काही नको, फक्त बाहेर जेवायला न्या," एवढंच तिने मागितलं. बापाने मग हेच हॉटेल धरलं. म्हणाला, इथल्या आचाऱ्याचा हात तरी कळेल. शहराबाहेरच्या नव्या वस्तीतलं बडं प्रस्थ ते. पांढरंशुभ्र टेबल, माणशी तीन तीन काटे, आणि वाढपी असा अदबीने वाकणारा, की आपणच उठून त्याला खुर्ची द्यावी.

"अगं, बोल की!"

तिने डोळे मिटले. मघाशी मेनूकार्डावरची सूपची ओळ तिने दोनदा वाचून ठेवली होती. "भोपळा आहे. जायफळ आहे. आणि... लोणी."

"वा!" नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "आणि मीठ?"

मिठाबद्दल कार्डावर अवाक्षर नव्हतं. "बेताचं," ती म्हणाली. बेताचं म्हटलं की कुणी वाद घालत नाही.

लेकीने पहिला चमचा घेतला आणि तिचे डोळे एकदम भरून आले.

"काय गं, चटका बसला?"

"नाही, काही नाही," म्हणत पोरगी भराभर सूप पिऊ लागली.

आईच्या काळजात चर्र झालं. म्हणजे सूपमध्ये काहीतरी जहाल होतं आणि आपण बेताचं म्हणून बसलो की काय? आता बस्स, तिने ठरवलं. वाढदिवसाचं जेवण सुखाने पार पडू दे. घरी गेलं की सगळं सांगून टाकायचं.

तेवढ्यात मासा आला. शेजारच्या टेबलावर जाताना पाहून नवऱ्याने नुसतं बोट दाखवून तो मागवला होता. मोठ्या ताटलीत पांढरं, जाडजूड, वरून तांबूस भाजलेलं कवच आणि त्याच्या पोटात मासा. "एक मिनिट हं, सुरी घेऊन आलो," म्हणून वाढपी वळला. नवऱ्याला कुठला दम! त्याने काट्याने कवचाचा टवका काढून तोंडात टाकला, कुडुमकुडुम चावला आणि दुसरा तुकडा तिच्या हातात ठेवला.

"हे नीट बघ. असलं आवरण मी जन्मात केलेलं नाही."

ती चावू लागली. दाताखाली कुरकुरलं. घशाला कोरड पडली, पण ती मघापासूनच पडलेली होती.

"मस्त खुसखुशीत आहे," ती म्हणाली. "आणि मीठ बेताचं."

"हो ना? मलाही तेच वाटलं. अगदी बेताचं!"

लेकीने कणभर चाखलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि अख्खा पेला पाणी घटाघटा प्यायली. वाढपी धावतच आला.

"अहो, अहो! ते खाऊ नका! ते नुसतं मीठ आहे! मासा मिठात थापून भाजतात. वरचं फोडून टाकून द्यायचं असतं."

त्याने कवच फोडलं, मासा वाढला आणि ओठांतल्या ओठांत हसू दाबत निघून गेला. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. एक चिमूट मीठ जास्त झालं तर दारातून ओळखणारा हा माणूस!

"तुमचीही चव गेली?" तिने हळूच विचारलं.

"तापापासून." त्याची मान वर होईना. "मी म्हटलं, चाखायला तू आहेस ना."

"आणि मी म्हटलं, रांधायला तुम्ही आहात!"

तिला हसावं की रडावं कळेना. पाच महिने दोन आंधळे एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडत होते. मग ती एकदम लेकीकडे वळली.

"आणि तू गं? पाच महिने हे असलं गिळत होतीस? एका शब्दाने बोलायचं नाही?"

"कशी बोलू?" लेक म्हणाली. तिचे डोळे पुन्हा भरले होते, पण ती हसत होती. "कधी खारट लागायचं, कधी अळणी, आणि तुम्ही दोघं आपले झकास, झकास. मला वाटलं, तापात माझंच तोंड बिघडलंय. तेवढंच बघायला तर आज बाहेर न्या म्हटलं."