कंगवा घरून आणावा

चंदीगडात कर्फ्यू उठला तरी नाक्यानाक्यावर पोलीस ओळखपत्र मागत, म्हणून दामोदर गद्र्यांच्या फोटो स्टुडिओला उसंत नव्हती. अशात डोळे येण्याची साथ आली. गद्र्यांनी गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला कंगवा, पावडरचा पफ आणि सगळ्यांना चालणारा एकुलता एक टाय कुलपात टाकला, दारात साबण ठेवला आणि पाटी लावली: ‘कंगवा घरून आणावा.’

“अहो, समोरचा कोछड टायसकट सगळं देतो. लोक तिकडे जातील,” त्यांच्या पत्नी सुजाताबाई म्हणाल्या.

“जाऊ देत. आठवड्यात त्याचं शटर पडतं की नाही बघ. मग रांग आपल्याच दारात.”

सहाव्या दिवशी कोछडचं शटर पडलं, रांग इकडे वळली, आणि त्याच सकाळी गद्र्यांचे डोळे लालभडक होऊन चिकटले.

“मी तर कुणाचा रुमालसुद्धा घेतला नाही!”

“रुमाल नाही घेतलात. पण परवा कोछड ‘देखो जी, जपानी माल’ म्हणाला, तेव्हा त्याचा नवा कॅमेरा कशाला लावून बघितलात? कानाला?”

गद्रे वरमले. “मग आता ऐन गर्दीत स्टुडिओ बंदच ठेवायचा.”

“बंद कशाला? कर्फ्यूत घरी बसून कंटाळलात, तेव्हा मला फोटो काढायला कुणी शिकवलं?”

सुजाताबाईंनी हात धुतले, आपला कॅमेरा नीट पुसून घेतला आणि दारावरच्या पाटीत एक ओळ वाढवली: ‘फोटोग्राफर घरी ठेवला आहे.’