मागचा पत्रा

घाट एवढा अरुंद, की त्या एका वळणावर आमची कॅम्परव्हॅन एका दमात वळायचीच नाही. थोडी मागे घ्यावी लागायची. मग आई खाली उतरून मागे उभी राहायची आणि दरी जवळ आली की पत्र्यावर हात मारायची. बाबा ब्रेक दाबायचे. आरसे नुसते शोभेला.

आई गेल्यावर आम्ही पहिल्यांदाच गाडी बाहेर काढली. वळण आलं तशी मी उतरले. बाबा गाडी मागे घेऊ लागले.

"बस, बाबा."

गाडी येतच राहिली.

"बाबा, थांबा! चाक पार कडेला आलंय!"

चाकाखालची खडी घरंगळत दरीत गेली. मी दोन्ही हात पत्र्यावर धाडकन आपटले. गाडी जागच्या जागी थांबली.

मी धावत खिडकीशी गेले. बाबांचे हात स्टेअरिंगवर होते आणि नजर समोर. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"मी एवढी ओरडतेय, ऐकू येत नव्हतं का तुम्हाला?"

"येत होतं की."

"मग?"

"तिचा हात पडायची वाट बघत होतो."