कुशाबाकडचं शेवटचं पान

"या नव्या आवृत्तीत प्रकाशकांनी वाचकांचा सरळसरळ विश्वासघात केला आहे." रुचिरनं पहिलं वाक्य वाचून दाखवलं आणि शाबासकीच्या अपेक्षेनं शोएबकडे पाहिलं. शोएब बशीत चहा ओतत होता. तो ओततच राहिला.

पोलादपूरच्या स्टँडसमोर शोएबचं जीपगाड्यांचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि कुवेतहून आणलेला पंखा. रुचिर महाडच्या शाळेत मास्तर. मुंबईच्या एका साप्ताहिकानं त्याला 'वज्रपंचक'च्या ब्याण्णव सालच्या अंकाचं परीक्षण लिहायला सांगितलं होतं. पाच महावीरांच्या टोळीचं हे हिंदी कॉमिक दोघांनी लहानपणी एकाच फळीवर बसून वाचलेलं. आता तो अंक गुळगुळीत कागदावर पुन्हा छापून आला होता, तेव्हा परीक्षण आधी शोएबला ऐकवणं ओघानंच आलं.

सुरुवातीला दोघं खुशीत होते. आग ओकणाऱ्या अग्निजाचं नाक अजून वाकडंच होतं. पोलादी वेणीवाल्या तडितेवर आपला जीव होता, हे दोघांनीही इतक्या वर्षांनी कबूल केलं. मग कुशाबाच्या टपरीचा विषय निघाला. पानाच्या टपरीत दोरीवर चिमटे लावून तो कॉमिक्स टांगायचा, त्यामुळे प्रत्येक अंकाला काथाचा वास. भाड्यानं नेलेला अंक पोरं परत करायला विसरतात म्हणून त्यानं एक नामी युक्ती काढली होती. प्रत्येक अंकाचं शेवटचं पान ब्लेडनं कापून तो आपल्यापाशी ठेवी. अंक परत आणला की पान हातात मिळे, तिथंच उभ्यानं वाचायचं आणि परत द्यायचं. गावातल्या पोरांना अर्ध्या जेवणावरून उठवणारा असा माणूस पुन्हा झाला नाही.

"आता हे बघ," रुचिर म्हणाला आणि त्यानं शेवटचं पान उघडलं. आधीच्या पानावर धरण फुटून पाचांतल्या जलकेतूनं पाण्यात उडी घेतलेली; इथं तो आपल्या अंगानं भगदाड बुजवतो, शहर वाचतं. बाकीचे चौघं काठावर माना खाली घालून उभे. समाप्त.

रुचिरचा पारा चढला. मूळ अंकात जलकेतू पहाटे पुलाखालच्या कातळाला धरून वर येतो आणि चौघं त्याला खांद्यावर घेतात, हे त्याला तोंडपाठ होतं. वर्गातल्या मुलांना त्यानं ते कितीदा सांगितलं होतं. असलं सोन्यासारखं पान यांनी बदलून टाकलं, म्हणून तर त्यानं लेखणी परजली होती.

शोएबनं बशी खाली ठेवली. "ते पान तू बघितलंवतंस काय?"

"म्हणजे काय," रुचिर म्हणाला आणि अडखळला. चित्र काही केल्या डोळ्यांपुढे येईना. आठवत होता तो शोएबचा आवाज. त्या आठवड्यात घरात सुतक होतं. थोरला भाऊ अनिश सावित्री नदीत वाहून गेला होता. रुचिरला कुणी उंबऱ्याबाहेर सोडत नव्हतं, म्हणून अंक परत करायला शोएब एकटाच कुशाबाकडे गेला होता.

"पान हेच हाय," शोएब म्हणाला. "काय बदललेलं नाय त्यांनी."

रुचिरला आधी रागच आला. इतकी वर्षं आपण खुळ्यासारखे ती गोष्ट सांगत फिरलो, आणि आता मुंबईत छापून शोभा करून घेणार होतो. खोटं का सांगितलंस, असं त्यानं जरा चढ्या आवाजातच विचारलं.

शोएबनं नजर रस्त्याकडे वळवली. महाबळेश्वरची गाडी स्टँडातून वळत होती.

"दादा गेल्यापास्नं तू तोंड उघडलं नव्हतंस रे. तुझी आई मला म्हणाली, 'तुझ्याशी तरी बोलतो काय बघ.' मी पायरी चढलो, तर तू पहिलं विचारलंस, जलकेतू वर आला काय. तुझी आई तिथंच उभी. नाय कसं सांगू?"

त्या संध्याकाळी रुचिरनं शोएबला प्रश्नांनी भंडावून सोडलं होतं, आणि दहा वर्षांच्या त्या पोरानं न अडखळता सगळी उत्तरं दिली होती. कॉमिकातल्या शहरात पूल नव्हताच, हे रुचिरला आत्ता दिसलं. तो कातळ सावित्रीतला होता, सुट्टीत अनिशसकट तिघं ज्याच्यावरून उड्या मारायचे तोच.

त्यानं कागदावरचं पहिलं वाक्य खोडलं. मग दुसरंही खोडलं. शोएबनं विचारलं, आता काय लिवणार? उद्या पाठवायचं हाय ना?

"लिहीन काहीतरी," रुचिर म्हणाला. त्यानं अंक मिटून बाजूला सारला आणि खुर्ची जवळ ओढली. "तू आधी ते पान परत सांग."

शोएबनं त्याच्याकडे पाहिलं. रुचिरच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"पहाट झालीवती," तो हळूच म्हणाला. "पाणी उतरलंवतं."