बिनचूक पान

“हात लावायचा नाही म्हणजे नाही!” पूर्णिमाने लॅपटॉप खाडकन मिटला. गंधालीची बोटं थोडक्यात वाचली.

“आई, तू काहून असं करून राहिली? मीनलताई संध्याकाळपर्यंतच थांबणार आहेत. उसके बाद रोते बैठना.”

पुण्याच्या मीनलताईंचा फोन दुपारी येऊन गेला होता. त्यांच्या घरात लग्न होतं. सगळ्या बायकांसाठी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या हव्या होत्या. रायपूरच्या एका ओळखीच्या बाईंनी पूर्णिमाच्या दुकानाचं नाव सांगितलं, म्हणून त्यांनी साइट उघडली, आणि बिचकल्या. “राग मानू नका,” त्या म्हणाल्या, “पण तुमच्या पानावर ‘कोसा साडी’च्या जागी ‘सोका सीडा’ लिहिलंय. एकदा नव्हे, पानभर. अशाच एका साइटने मागे माझ्या गळ्यात नकली कोसा मारला होता. आज संध्याकाळी मी ठरवते.”

त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याच मालाचं नाव धड न लिहिणाऱ्या दुकानावर कोणी विश्वास ठेवावा?

ते पान पूर्णिमाच्या नवऱ्याने, शिशिररावांनी लिहिलं होतं. मागच्या वर्षी त्यांना लकवा मारून गेला. पाय परतला, हात परतला, बोलणंही सावकाश परतलं. लिहिणं मात्र नाही. अक्षरं आपली जागा सोडून बसत. डॉक्टर म्हणाले, लिहितं ठेवा. मग पूर्णिमाने दुकानाची साइट त्यांच्या हवाली केली, आणि काय सांगावं, भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस उठून बसला! रोज सकाळी अंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि एकेका साडीचं वर्णन. संध्याकाळी ते सगळं मोठ्याने वाचून दाखवायचे. दर ओळीला अडखळायचे, कपाळावर घाम यायचा. वाचून झालं की मायलेकी एका सुरात म्हणायच्या, “छान!” त्यांच्या लिहिण्याला कोणी हात लावायचा नाही, चूक दाखवायची नाही, हा पूर्णिमाने घालून दिलेला घरचा कायदा होता.

कायद्याने माणूस वाचला, दुकान बुडायला लागलं. नेटवर ‘रायपूर कोसा साडी’ असं टाकलं की दुनियाभरची दुकानं वर यायची, रायपुरातल्या तेलीबांध्याचं हे एकच कुठे दिसायचं नाही. दिसेल तरी कसं? लोक जे शब्द शोधत, ते त्या पानावर नव्हतेच. चुकूनमाकून कोणी आलंच तर दोन ओळी वाचून पळ काढायचं. शिशिरराव ऑफिसातून बिनपगारी रजेवर, घर आता या दुकानावरच चालत होतं. दोन दिवसांत जागेच्या मालकाला सांगायचं होतं, दुकान ठेवायचं की सोडायचं.

“बाबा तलावावर गेलेत,” गंधाली हलकेच म्हणाली. “शेजारच्या श्यामकांतकाकांच्या गाडीवर. यायला वेळ आहे. मी फक्त शब्द नीट करते, बाकी सगळं त्यांचंच ठेवते. त्यांना समजणार पण नाही.”

“आणि समजलं तर? पुन्हा भिंतीकडे तोंड केलं तर? तू जाशील तुझ्या नोकरीवर, आणि मी?”

“आणि दुकान गेलं तर ते कशावर लिहितील, आई?”

आपण कोणाला फसवून राहिलो, गिऱ्हाइकाला की नवऱ्याला, हेच पूर्णिमाला कळेना. शेवटी तिने लॅपटॉप लेकीकडे सरकवला. “कर. पण लवकर.”

गंधालीची बोटं भराभर चालली. पूर्णिमा दारात उभी राहून रस्त्यावर डोळे लावून होती. प्रत्येक गाडी तिला श्यामकांतभाऊंचीच वाटत होती. पान तयार झालं, मीनलताईंना कळवलं, आणि थोड्या वेळाने फोन खणाणला. “आता कसं दुकानासारखं दुकान वाटतं! साड्या काढून ठेवा. मी आगाऊ पैसे पाठवते.”

मायलेकींनी एकमेकींना मिठी मारली. ती सुटते न सुटते तोच फाटक वाजलं.

शिशिरराव आत आले. हातपाय धुऊन रोजच्यासारखे खुर्चीत बसले, चष्मा लावला, पान उघडलं आणि वाचायला लागले. “हातमागावर विणलेली शुद्ध कोसा साडी. रंग मधासारखा. काठाला लाल फुलं.” पूर्णिमाने पदर मुठीत आवळला. ते थांबले नाहीत. दुसरी साडी, तिसरी साडी. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज सरळ वाहत गेला. पान संपलं. त्यांनी चष्मा काढला.

“हे मीच लिहिलं?”

गंधाली खाली बघत होती. आता खरं सांगावं, असं पूर्णिमाच्या अगदी ओठांवर आलं.

“तुम्हीच,” ती म्हणाली. “दुसरं कोण लिहिणार?”

शिशिररावांचे डोळे भरून आले. “मले वाटे, तुम्ही माझं मन राखून राहिल्या. रोज छान छान म्हणायच्या. पण शब्द अडायचे ना, मले समजायचं. आज एकही नाही अडला.” ते हसले, आजारपणाच्या आधी हसायचे तसे, तोंडभर. मग ताठ बसून त्यांनी लेकीपुढे हात केला.

“गंधाली, फोन दे. साहेबांना सांगतो, मी बरा झालो. सोमवारपासून ऑफिसात येऊन राहिलो.”